छोट्या हत्तीनं ओढली इंडिका

जुन्नर तालुक्यातल्या मढच्या पुढे मामांची जुनी डिझेल इंडिका चालता चालताच बंद पडली. स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुळसुळ फिरायचं, पण पेट काही घेईना. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) यांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा तुटलाय, हे त्या आवाजावरूनच कळलं. मामांचं एकच, "अरे, दोरीनं ओढ, गिअरमध्ये टाकतो, होईल चालू." मी साफ नकार दिला. बेल्ट तुटलेला असताना इंजिन जबरदस्तीनं फिरवलं की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. आधीच काय वाकलं असेल ते असेल, त्यात भर कशाला?

ओतूरच्या गॅरेजपर्यंत न्यायला हाताशी माझा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो होता. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. हे इंजिन म्हणजे इंडिकाच्याच १४०५ सीसी इंजिनाचं निम्मं, त्यामुळे अर्ध्यानं अख्ख्याला ओढायचं होतं! तरी ओढण्याची मला फारशी काळजी नव्हती. इंडिका रिकाम्या हत्तीपेक्षा जड, त्यामुळे धास्ती होती ती थांबवण्याची. हौद्यात पेंडेची काही पोती होती, ती मुद्दामच उतरवली नाहीत. मागची चाकं हलकी राहिली तर ती जागेवर फिरतात आणि ब्रेकही नीट धरत नाहीत.

दोर नायलॉनचा घेतला. तो थोडा ताणतो आणि झटका पोटात घेतो. साखळी झटका सरळ चासीला देते. इंडिकाला पुढे खाली टोइंगचा हूक असतो, तिथेच बांधला. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला कुणी कितीही सांगितलं तरी बांधू नये. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मागच्या स्टिअरिंगवर लायसनवाला माणूस, असा नियमच आहे. दोराच्या मधोमध लाल फडकं बांधलं.

मामांना बजावलं, "चावी ऑनच ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल. इंजिन बंद आहे, दोन-तीनदा दाबलात की ब्रेक दगडासारखा होईल, मग पाय रोवून दाबा. हॉर्न एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल."

पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी सावकाश सोडत दोर ताणून घेतला आणि मगच थोडी रेस दिली. सपाटीला मजेत निघालो. डिंगोऱ्याच्या अलीकडे उतार लागला तसा आरशात दोर ढिला पडलेला दिसला आणि इंडिका अंगावर येऊ लागली. अशा वेळी पुढच्यानं ब्रेक मारून उपयोग नाही, मागच्यानंच हलका ब्रेक धरून दोर ताठ ठेवायचा. मामांनी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि दांडा जरा जरा ओढत वेग आवरला. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, सांगावं लागलं नाही.

ओतूरला मिस्त्रीनं कव्हर काढून बेल्टचे तुकडे दाखवले. म्हणाला, "इंजिनाचं हेड उतरवावं लागेल, चार व्हॉल्व्ह तर नक्की गेलेत." मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओढून चालू केली असती तर आठही गेले असते."