ट्यूब अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर घुमतोय? आधी भार उतरवा, मग पाना घ्या

ट्यूब अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. बोल्ट आवळले, आवाज थोडा दबला की काम झालं असं वाटतं. माझा या घाईला विरोध आहे. लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व वाढलं किंवा एखादी वाइंडिंग (तारेची गुंडाळी) कुवतीपेक्षा जास्त करंट देऊ लागली, तर ट्रान्सफॉर्मर आवाजातून ते सांगत असतो. कारण न शोधता आवाज दाबला तर पुढची खूण जळक्या वार्निशच्या वासाची असते.

आधी आवाज नेमका कुठून येतोय ते ठरवा. स्पीकरच्या जागी ८ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर जोडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (स्पीकरला सिग्नल देणाऱ्या) काहीच भार न जोडता अ‍ॅम्प कधीही चालवू नका. स्पीकर नसतानाही गुणगुण ऐकू येत असेल, तर ती यांत्रिक आहे आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे. ती फक्त स्पीकरमधून येत असेल तर फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे), अर्थिंग आणि हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटच्या) तारा तपासायच्या. तो वेगळा विषय.

अ‍ॅम्प उघडण्यापूर्वी प्लग काढा. फिल्टर कपॅसिटरमध्ये ४००-५०० व्होल्ट साठून राहतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावून ते उतरवा आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालू नका.

आता ट्रान्सफॉर्मरवरचा भार, म्हणजे तो ज्यांना वीज पुरवतो ते भाग, एकेक करून उतरवायचा. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ट्यूब असेल तर ती काढून अ‍ॅम्प चालू करा. हाय व्होल्टेज बंद होतं, हीटर चालू राहतात. गुणगुण इथेच ओसरली तर दोष हाय व्होल्टेजच्या बाजूला आहे. डायोडचा रेक्टिफायर असेल तर स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून हाय व्होल्टेज तोडणारा) वापरा. तोही नसेल तर आउटपुट ट्यूब काढा, पण तेव्हा व्होल्टेज चढतं. कपॅसिटरवर छापलेली मर्यादा आधी वाचा. त्यानंतर सगळ्या ट्यूब काढा. तरीही आवाज तसाच असेल तर सेकंडरीच्या (वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगच्या) सगळ्या तारा सोडवून, टोकं नीट इन्सुलेट करून, १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये लावा आणि ट्रान्सफॉर्मर एकटा चालवा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा मंद लाल राहिला तर वाइंडिंग बहुधा ठीक आहे. तो भरपूर उजेड देत राहिला तर आतले वेढे शॉर्ट झालेत आणि हा ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागेल.

हाय व्होल्टेजच्या बाजूला सर्वात आधी बायस बघा, म्हणजे सिग्नल नसताना आउटपुट ट्यूबमधून किती करंट वाहतो ते. आउटपुट ट्यूबच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ईएल३४ या आउटपुट ट्यूबची प्लेट २५ वॉट सोसणारी. क्लास एबीमध्ये (दोन बाजूंच्या ट्यूब लहर वाटून घेतात तो प्रकार) ७० टक्के धरले तर १७.५ वॉट, म्हणजे ४५० व्होल्टला साधारण ३९ मिलिअँपिअर. कॅथोडच्या आकड्यात प्लेटबरोबर स्क्रीनचा (ट्यूबमधल्या आणखी एका जाळीचा) करंटही मिसळलेला असतो, हे लक्षात ठेवा. ६० दिसत असतील तर गुणगुणीचं कारण समोरच आहे. गळका फिल्टर कपॅसिटरही हाच ताण देतो. दोन डायोडच्या फुल-वेव्ह रेक्टिफायरमधला एक डायोड आतून तुटून वीज नेईनासा झाला, तर वाइंडिंगच्या एकाच अर्ध्या भागातून डीसी वाहतो, गाभा एका बाजूला झुकतो आणि आवाज खरखरीत होतो.

हीटरचा हिशेब सहसा कुणी करत नाही. ६एल६जीसीचा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. चारही ६एल६जीसीच्या जागी ईएल३४ लावल्या की वाइंडिंगवर २.४ अँपिअर जादा पडतात.

भार नसतानाही आवाज येत असेल तर मेन्सकडे (भिंतीतल्या विजेकडे) बघा. गाभ्यातला फ्लक्स (चुंबकत्व) व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि फ्रिक्वेन्सी कमी झाली की चढतो. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी बांधलेला अ‍ॅम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून ५० हर्ट्‌झवर चालवला, तर व्होल्टेज बरोबर असूनही फ्लक्स २० टक्के जास्त असतो. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) १०० व्होल्टवर आणा. तिथे फ्लक्स मूळ पातळीला येतो. आवाज एकदम बसला तर निदान पक्कं. पण हा इलाज नव्हे, कारण ६.३ व्होल्टच्या हीटरला तेव्हा ५.२५ च मिळतात. ५० हर्ट्‌झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मरच हवा.

टोरॉइड (कड्यासारख्या गोल गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर) कधी शांत, कधी गुरगुरणारा असेल तर मेन्समधल्या डीसीचा संशय घ्या. अर्ध्या पॉवरवरचा हेअर ड्रायर किंवा हीट गन एकच अर्धी लहर ओढते. टोरॉइडच्या गाभ्यात फट नसते, प्रायमरीचा (मेन्सला जोडलेल्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्सही कमी असतो, म्हणून अर्धा-एक व्होल्ट डीसीही त्याला पुरतो. उपाय डीसी ब्लॉकर: १०,००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर, निगेटिव्ह टोकं एकमेकांना जोडून, सिरीजमध्ये. त्यांना समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर), प्लस-मायनस शॉर्ट करून, दोन एसी टोकांतून. हे सगळं फ्यूजनंतर, फेजच्या तारेत. अर्थच्या तारेत कधीच नाही. ब्रिज दणकट हवा, म्हणजे शॉर्ट झाला तर फ्यूज आधी उडेल. हा सगळा भाग मेन्सवर असतो, त्यामुळे तो बंद, इन्सुलेटेड डब्यात ठेवा.

हे सगळं निर्दोष निघालं, तरच पाना. अ‍ॅम्प चालू असताना कोरड्या लाकडी काठीने लॅमिनेशनची (गाभ्याच्या पत्र्यांची) कड, झाकण, चासी दाबून बघा. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो ती जागा सैल आहे. बोल्ट आवळायचे ते अ‍ॅम्प बंद आणि थंड असताना, हळूहळू. त्यांच्याभोवतीच्या फायबरच्या नळ्या आणि वॉशर जागेवर हवेतच. टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं चासी आणि वरच्या झाकणाला टेकली, तर तो एक शॉर्ट वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. पत्र्यांच्या कडांवर इन्सुलेटिंग वार्निश ब्रशने मुरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका. आवाज वाइंडिंगच्या आतून येत असेल तर वरून लावलेलं वार्निश तिथवर पोचत नाही. व्हॅक्युम इम्प्रेग्नेशनच (निर्वातात वार्निश आतपर्यंत मुरवणं) करून घ्यावं लागतं. चासीच घुमत असेल तर ट्रान्सफॉर्मरखाली निओप्रीनची गादी द्या, पण चासीपासून सुटलेल्या गाभ्याला अर्थची तार वेगळी जोडा.

नवा बांधून घ्यायची वेळ आलीच, तर बांधणाऱ्याला फ्लक्स डेन्सिटी (गाभ्यातल्या चुंबकत्वाची घनता) १.२ टेस्लाच्या आसपास ठेवायला सांगा. गाभा मोठा होतो, वजन वाढतं, पण मेन्स चढली तरी त्याच्याकडे जागा शिल्लक राहते.