सोळा खोल्यांचा हिशेब

खानापूर सोडून दुबईला येऊन मला नऊ वर्षे झाली. हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये खोल्या करण्यापासून, म्हणजे त्या झाडून-पुसून लावण्यापासून सुरुवात केली आणि आता तीन मजले माझ्या देखरेखीखाली आहेत. एका माणसाने आठ तासांच्या पाळीत चौदा ते सोळा खोल्या कराव्यात, हा या धंद्यातला रूढ हिशेब. पण मुक्कामी पाहुण्याची खोली वीस-पंचवीस मिनिटांत होते, तर चेक-आउटच्या खोलीला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ जातो, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणूनच जाणती हॉटेले खोल्या न मोजता कामाच्या वजनाप्रमाणे गुण देतात.

माझ्या पहिल्या हॉटेलात मात्र फळ्यावर नुसत्या खोल्या लिहीत. एकदा माझा नेपाळी सहकारी उशांच्या अभ्र्यांसाठी लिनन रूमच्या दाराशी चाळीस मिनिटे ट्रॉली धरून उभा होता. संध्याकाळी त्याच्या नावापुढे लाल खडूने ‘अकरा’ लिहिलेले होते. थांबण्याचा रकाना फळ्यावर नव्हताच. प्रत्येक पलंगामागे चादर-अभ्र्यांचे किमान तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. तिसरा जोड नसेल तर माणूस कितीही चपळ असला तरी खोली अडकते, आणि आजची न विकलेली खोली उद्या विकता येत नाही.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आलो, तेव्हा बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. 2012 मध्ये सुवर्णसौध, म्हणजे इथली विधिमंडळाची इमारत, उभे राहिल्यापासून अधिवेशनाच्या दिवसांत शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळणे मुश्किल होते. बसस्टँडजवळ लॉज चालवणारा माझा मामेभाऊ कुरकुरत होता, “पोरं कामच करीनात बघ.” मी सकाळी गच्चीवर गेलो, तर धुक्यात टाकलेल्या चादरी अजून ओल्याच होत्या आणि बैलहोंगलकडचा एक पोरगा त्या पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होता. जोड दोनच. शिवाय त्याच पोराने पाहुण्यांच्या बॅगा वर न्यायच्या, कोपऱ्यावरून चहा आणायचा आणि नळाला पाणी आले की मोटर लावायची. तासाभरात तो अकरा वेळा जिना चढला. मी मोजले, सवयच आहे ती.

भावाने यंदा तिसरा जोड घेतला आहे. पोरांच्या पगाराचा विषय काढला की तो माझ्यासाठी चहा मागवतो, आणि चहा आणायला तोच पोरगा जातो.