टोपीवर ९.९, आत १५

केरी, पेडणे. मे संपत आलाय.

आज काकांच्या होडीच्या आउटबोर्ड मोटरचा, म्हणजे मागच्या फळीवर बसणाऱ्या इंजिनाचा, कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) उतरवला. शेजारच्या होडीच्या ९.९ हॉर्सपॉवरच्या मोटरचा कार्बोरेटर मागून आणला होता, तो बाजूला ठेवून दोघांचे गळे व्हर्नियरने मोजले. आपला मोठा. काकांनी घेतलेल्या या जुन्या मोटरच्या टोपीवर, म्हणजे वरच्या झाकणावर, ९.९ लिहिलंय, कागदावरही तेच, आणि आत १५ हॉर्सपॉवरचा कार्बोरेटर बसवलाय.

यामाहाच्या या टू-स्ट्रोक मोटरींमध्ये ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकाच मापाचा असतो. दोन सिलिंडर, बोअर ५६ मिलिमीटर, स्ट्रोक ५०, एकूण २४६ सीसी. नुसता ब्लॉक बघून मोटर कुठली ते सांगता येत नाही. इंजिन किती हवा-पेट्रोल ओढतं, त्यावर मुख्यतः ताकद ठरते. कुणीतरी तेवढंच बदललं आणि टोपी तशीच ठेवली.

एरवी मी त्याचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, गोव्यात मासेमारी बंद असते. त्यात सूट मिळते ती नोंदणी केलेल्या, १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या आउटबोर्डवर गिलनेट (मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं) मारणाऱ्या होड्यांना. काकांचा पावसाळा या सवलतीवर चालतो. तेरेखोलच्या नदीत, मुखाच्या आतल्या अंगाला, दोन जाळी मारली की घर चालतं. त्या होडीवर १५ ची मोटर लपवून लावायची हे मला पटत नाही. सूट लहान होडीवाल्यांसाठी आहे आणि ती टिकायची तर लहान होडीवाल्यांनीच ती पाळायला हवी.

काका दुपारी आले, कार्बोरेटर हातात घेऊन बघितला. "ताकद कमी करता मरे तू?" त्यांचं चूक नाही. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर ओढतं, तेव्हा भरलेली जाळी घेऊन उलट यायचं म्हणजे इंजिनचा कस लागतो. मी म्हटलं, काका, होडी हलकी आहे, पंखा बरोबर पिचचा लावू, ९.९ पुरे होईल. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि जाळं शिवायला गेले. मालीम जेटीच्या बाजूला ९.९ चा जुना कार्बोरेटर मिळाला, तो खोलून साफ केलाय, नवं गॅस्केटही कापून ठेवलंय.

बाकी मोटरही अशीच ठिकठिकाणाहून गोळा केलेली. एका सिलिंडरचा पिस्टन स्टँडर्ड, दुसऱ्याचा ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा जाड. बघून आधी वाईट वाटलं, पण तो सिलिंडर नीट बोअर केलेला आहे, भिंतीला एक ओरखडा नाही. ज्या कुणी ते केलं त्याचा हात चांगला होता, म्हणून पिस्टन तसेच ठेवले. रिंगा मात्र दोन्हीकडे नव्या टाकल्या.

खालचा भाग दुसऱ्याच कुणाच्या हातचा असावा. मोटर मुळात १५ इंची शाफ्टची, मध्ये ५ इंचाचा तुकडा घालून लांब केलेली. शाफ्ट लांबच घातलाय, गिअरची दांडीही लांब, पण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची नळी जुनीच, आखूड. तिला बागेला पाणी घालायच्या पाइपचा तुकडा जोडून क्लिप आवळली होती. क्लिप गंजून हातात आली. हे बघून मला खरंच राग आला. पंपाचं पाणी त्या सांध्यातून गळलं तर पॉवरहेडपर्यंत, म्हणजे वरच्या इंजिनापर्यंत, थोडंच पोचणार, आणि भर नदीत इंजिन तापून आवळलं की होडीत एकटा माणूस काय करणार? बाहेरून दिसत नाही म्हणून असं काम करू नये. लांब नळी आणि नवा इम्पेलर (पाण्याच्या पंपाची रबरी चकती), दोन्ही घातले.

शाफ्टच्या वरच्या टोकाचे दाते तपासले. लोअर युनिट, म्हणजे खालचा गिअरचा भाग, वर चढवताना ते क्रँकच्या तळाला टेकत नाहीत ना, हे बघावंच लागतं. टेकले तर बोल्ट आवळताना सगळा दाब क्रँकवर जातो. आपल्याकडे मोकळी जागा आहे. दात्यांच्या बाजूंना ग्रीस लावलं, टोकाला नाही.

सगळ्यात जास्त वेळ बोल्टनी खाल्ला. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे बोल्ट कोरडेच पिळलेले, खाऱ्या पाण्याने त्यांच्याभोवती पांढरी भुकटी धरलेली. गरम करायचं, तेल सोडायचं, थांबायचं, पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे. जोर केला असता तर डोकी तुटली असती. आता प्रत्येकाला मरीन ग्रीस लावूनच परत घातलाय.

संध्याकाळी पिंपात चालवून बघितली. नव्या रिंगांसाठी पहिले १० तास लिटरला ४० मिली ऑइल, नंतर २०. धूर भरपूर झाला, पण इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार पहिल्यापासून जाड आणि सरळ. काका अंगणाच्या कडेला उभे राहून धारेखाली हात धरून बघत होते. "कोमट आसा," म्हणाले. मग स्वतःच टोपी उचलून बसवली.

उद्या होडीवर. मागच्या फळीवर लावताना पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या जराशीच खाली यायला हवी, म्हणजे फळीवर बहुतेक लाकडाची एक चीप लागेल. गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा झिजून गेलाय, तो म्हापशाहून आणायचा. आणि पहिल्या फेरीनंतर गिअर ऑइल थोडं सोडून बघायचं. दुधाळ आलं, म्हणजे आत पाणी शिरत असलं, तर सील पुन्हा काढायचे, त्याशिवाय काकांना मुखाकडे जाऊ देणार नाही.