मुंबई–कोलकाता लॉग: ती पाच मिनिटं अखेर सापडली!

मुंबई–कोलकाता विमानाच्या जाण्यायेण्याच्या वेळा मी हिशोबाशी ताडून बघतोय, त्यात पाचेक मिनिटं जास्तीची निघायची. तीन आठवडे डोकं खाल्लं या प्रकरणाने, काल रात्री उलगडलं, म्हणून झोपायच्या आधीच लिहायला बसलो.

अंतराचं मागेच मिटलंय. ग्रेट सर्कलने, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळच्या वाटेने, १,६६५ किमीच्या आसपास, म्हणजे साधारण ९०० नॉटिकल माइल. यावेळी पृथ्वी गोल न धरता डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे जीपीएस वापरतं त्या ध्रुवांशी किंचित चपट्या पृथ्वीच्या मॉडेलवर, ताडून पाहिलं, फरक जेमतेम दोन किमीचा. काय बरं वाटलं! पायथनमधली जिओग्राफिकलिब वापरा, गोल पृथ्वीवरच्या अंतराचं सूत्र (हॅव्हरसाइन) हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका.

घोडं अडलं होतं वेळेपाशी. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, असतो, कोलकात्याला जाताना विमान लवकर पोचतं आणि येताना रेंगाळतं, हे आपल्याला माहितीच आहे. मग मी काय करायचो, जायचा आणि यायचा वेळ मिळवून निम्मा करायचो, म्हणजे वारा कटून जाईल. पण तो निम्मा वेळ बिनवाऱ्याच्या हिशोबापेक्षा दरवेळी चार-पाच मिनिटं जास्तच यायचा. टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालतं ती, मिनिटं वगळली, चढण-उतरण वेगळी काढली, रूटचा वळसा धरला, तरी हटायला तयार नाही.

उत्तर निघालं शाळेतल्या नाव आणि प्रवाहाच्या गणितात. गोल आकडे घ्या. हवेतला स्पीड ४५० नॉट (तासाला ४५० नॉटिकल माइल), वारा ९० नॉट सरळ मागून. जाताना ५४०, म्हणजे ९०० माइलला १०० मिनिटं. येताना ३६०, म्हणजे १५० मिनिटं. सरासरी १२५, आणि वारा नसता तर १२०! उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे जाताना वाचलेलं येताना सगळं जातं, वर भुर्दंडच बसतो. सरासरी वेळांची नाही, ग्राउंड स्पीडची, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने पडणाऱ्या वेगाची, घ्यायची. ५४० आणि ३६० ची सरासरी बरोब्बर ४५०. शीटमधला एक कॉलम बदलला आणि जानेवारीच्या जाण्यायेण्याच्या जवळपास सगळ्या जोड्या जागेवर बसल्या, मी दोनदा रिफ्रेश करून पाहिलं.

म्हणूनच नेटवरचे बरेच कॅल्क्युलेटर मला पटत नाहीत, अंतराला एका ठरलेल्या स्पीडने भागायचं आणि वर अर्धा तास चिकटवायचा, दिशा आणि महिना काही बघायचंच नाही.

पुढे दिल्लीचा रूट करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं की पावसाळ्यात या पट्ट्यात वरचा वारा उलटतो, पूर्वेकडून येतो, म्हणजे तेव्हा कोलकात्याला जातानाच उशीर व्हायला हवा. दिल्ली थांबू दे, हाच रूट जुलैत परत. कुणाकडे गेल्या जुलैच्या जाण्यायेण्याच्या जोड्या असतील तर द्या, फक्त चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ हवा, ब्लॉक टाइम (गेटपासून गेटपर्यंतचा) नको.