कणकुंबीच्या आत, मळणीच्या दिवसांत

गावाचं नाव विचारू नका, तिथल्या माणसांनीच नको म्हटलंय. दोन पावसाळ्यांमागे जवळच्या धबधब्याचं रील कुणीतरी टाकलं आणि पुढचे चार रविवार लावणी केलेल्या चिखलातून बुलेट फिरल्या. नाव सोडून बाकी सगळं सांगतो.

कर्नाटकातला खानापूर तालुका, जांबोटी-कणकुंबी पट्टा. बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने कणकुंबी साधारण ४५ किलोमीटर. तिथून आत मातीच्या वाटेने तासभर चाललं की तीसेक उंबऱ्यांचं गाव लागतं. माझ्या ऑफिसातल्या मित्राचं ते आजोळ. त्याच्या मामांनी निरोप धाडला होता, "मळणीला या, पण नुसतं बसून खायला येऊ नका." म्हणून नोव्हेंबरात तीन दिवस काढले.

कणकुंबीला माउलीच्या देवळात डोकं टेकवलं. मलप्रभा नदीचा उगम इथला. म्हादईचा उगमही फार लांब नाही, भीमगडच्या जंगलात देगावच्या बाजूला. मामांना दोन्ही नद्यांचं विचारलं तर म्हणाले, "आमचा मुलूख म्हंजे घराचं आढं हो. हिकडं पडलं ते मलप्रभेला, तिकडं पडलं ते म्हादईला." मलप्रभेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, म्हादईचं गोव्यातून अरबी समुद्राला. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. म्हादईच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटकाचं भांडण लवादापर्यंत गेलं, २०१८ मध्ये निवाडा झाला. आणि मामी मे महिन्यात झऱ्यावर घागर भरायला पहाटे चारला उठतात.

खळ्यावर पहिल्याच सकाळी मी शिव्या खाल्ल्या. चपला घालून आत गेलो. शेणाने सारवलेलं, मधे तिवडा, म्हणजे बैल फिरवायचा खांब, रोवलेला, आणि मी फोटोसाठी थेट राशीपाशी! आजी काठी उगारूनच आल्या. चपला काठावर काढायच्या, राशीला पाय लावायचा नाही, हे आधी माहीत असू द्या. नंतर त्याच आजींनी मला पेंढी झोडायला शिकवलं. दोन्ही हातांनी बुडखा धरायचा, खांद्यावरून आणून फळीवर आपटायचा, मग मनगट फिरवून दुसरी बाजू. जोर लावायचा नाही, पेंढीच्या वजनाने हात खाली येऊ द्यायचा. मी जोर लावला. दहाव्या पेंढीला तळहातावर फोड आला. झोडून उरलेलं बैलांच्या पायाखाली तिवड्याभोवती फिरतं. तिसऱ्या प्रहरी वारा सुटला की बायका सूप घेऊन उभ्या राहतात. सूप डोक्याच्या वर, थोडं तिरकं. दाणे सरळ खाली पडतात आणि कोंडा चार हात लांब जाऊन बसतो. वारा पडला की सगळ्या सूप खाली घेऊन गप्प उभ्या. फोनला रेंज नसल्याचा मला पहिल्यांदा फायदा झाला, मीही नुसता उभा राहिलो.

भात इंटाण जातीचं. वरच्या भरडावर नाचणी. नाचणी अजून उभी होती, म्हणून रात्री राखणीला माळ्यावर. चार मेढींवर बांधलेला, वर गवताचं छप्पर, खाली धुमी. माळ्यावरून एक दोरी शेताच्या टोकाला, तिथे पत्र्याचा डबा आणि आत दगड. दर अर्ध्या तासाने दोरी ओढायची. रानडुकरं डब्याला भितात, गवे भीत नाहीत. मामांच्या मते गवा डबा ऐकून "कोण वाजवतंय" बघायला येतो. त्या रात्री आला नाही. आला असता तर हे लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे.

जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भिरंडाची (कोकमाची) कढी. सकाळी आंबील. पोट बिघडेल म्हणून बिस्किटांचे पुडे नेले होते, ते तसेच परत आले. पुडे परत आणा, मुलांना वाटत सुटू नका. तेवढ्याने ती पुढच्या पाहुण्याच्या मागे हात पसरून धावतात, आणि हे त्यांच्या आयांना आवडत नाही.

पैशाचा घोळ मात्र मी केला. पहिल्या रात्री मामांच्या हातात नोटा ठेवल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. मित्राने निस्तरलं. गावात बायकांचा बचत गट आहे, त्यांच्या पेटीत माणशी दिवसाला ६०० रुपये टाकले, शिवाय त्यांनी सांगितलेल्या दराने दहा किलो तांदूळ विकत घेतला. जाण्याआधी हे ओळखीच्या माणसाकडून ठरवून घ्या. ओळख नसेल तर कणकुंबी किंवा जांबोटीत उतरून पंचायतीत, शाळेत विचारा, होकार आला तरच आत जा. यूपीआय विसरा. दहा-वीस-पन्नासाच्या नोटा हव्यात.

दुसऱ्या दुपारी मामांनी पत्र्याची ट्रंक उघडली. शेतसाऱ्याच्या पावत्या! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्या काळच्या पावत्या मराठीत, त्यानंतरच्या कानडीत, आणि त्या वाचायला नातू लागतो. त्या जपण्याचं कारण वनहक्क कायदा. कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळवायला अनुसूचित जमातीत नसलेल्या वनवासी शेतकऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. घाटाखाली गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, घाटावरचे मामा कुणबी असूनही नाहीत. त्यांची मामेबहीण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. "ती आदिवासी, मी नुसता शेतकरी," म्हणाले आणि ट्रंक परत पलंगाखाली सरकवली. वाटेतल्या गवळीवाड्यावरही तोच प्रश्न ऐकला. तिथे बसून दूध प्या, पण म्हशींमधून फिरू नका. अनोळखी माणसावर त्या चालून येतात.

कधी जावं? नोव्हेंबर ते जानेवारी. पावसात अजिबात नको. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) वाहून गेला की आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून चौघे खांद्यावर नेतात, त्यात पाय मुरगळलेला पाहुणा कुणाला हवा? थंडीपासूनच गोचिडी वाढतात. सीमेपलीकडे सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि तो ताप गोचिडीतूनच येतो. पूर्ण बाह्या घाला, पाचोळ्यात बसू नका, रानातून आल्यावर ताप चढला तर डॉक्टरांना कुठे फिरून आलात ते आधी सांगा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. कृष्णापूर, गवाळी, तळेवाडी ही गावं त्याच्या आत येतात, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. बारापेडी गुहांतली दुर्मीळ वटवाघळं बघायचा हट्टही धरू नका.

परतीचं गणित वस्तीच्या गाडीवर असतं. ही एसटी रात्री गावाजवळच्या फाट्यावर मुक्काम करते आणि पहाटे निघते. जाताना आमच्या नशिबी ती आलीच नाही, तेव्हा अंधारात चालायला बॅटरी सोबत ठेवाच. येताना मिळाली. मामीही बेळगावच्या बाजारला निघाल्या होत्या, मांडीवर पावट्याच्या शेंगांची पिशवी. त्यांनी आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना बस फुकट) शून्याचं तिकीट फाडलं. मग माझ्या तांदळाच्या पिशवीला हात लावून वजन अजमावलं आणि लगेज लावलं. मामी जांबोटीपर्यंत हसत होत्या.