तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला घोडा येणार, ते आम्हाला आधी कळतं का?

एका टर्फ क्लबच्या (घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या) आयटीत, डेस्कटॉप सपोर्टला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तुम्हाला आधीच कळत असेल, कुठला घोडा येणार ते?"

नाही कळत. आमच्या कॉम्प्युटरला घोड्याबद्दल काहीच माहीत नसतं. कुठल्या नंबरावर लोकांनी किती लावले, एवढंच तो मोजतो. असं मोजणारं जॉर्ज ज्युलियस या इंजिनियरचं पहिलं यंत्र 1913 मध्ये न्यूझीलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं. तारा, कप्प्या आणि वजनांचं ते धूड त्याने मुळात मतमोजणीसाठी आखलं होतं. मला हे फार समर्पक वाटतं, कारण टोट, म्हणजे पैजांचे पैसे मोजून वाटणारी ही यंत्रणा, आजही मतंच मोजतो.

हिशेब बघा. विनवर, म्हणजे पहिला कोण येणार या पैजेवर, लाख रुपये जमले आणि कर, क्लबचा वाटा वगैरे जाऊन 80,000 उरले असं धरू. आलेल्या घोड्यावर दहा रुपयांची 2,000 तिकिटं असतील, तर तिकिटामागे 40 रुपये. शेवटच्या मिनिटाला त्याच घोड्यावर आणखी 1,000 तिकिटं गेली, तर वाटायला 88,000 आणि वाटेकरी 3,000. हातात पडणार 29 च्या आसपास. एका खिडकीवरचं तिकीट असं बाकी सगळ्यांचा भाव हलवतं. म्हणून शर्यत सुटताच सगळ्या खिडक्यांवरची विक्री एकदम थांबावी लागते. फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही मोठी शर्यत असते, तेव्हा दुसऱ्या शहरांतल्या क्लबांतही तिच्यावर तिकिटं निघतात. तिथल्या खिडक्यांनाही हाच नियम.

आमचं काम त्या खिडक्या चालू ठेवण्याचं. एरवी ऑफिसात "जेवून येतो आणि बघतो" म्हणता येतं. इथे नाही. जाणकार माणूस पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडा फिरताना बघतो, बोर्डावरचा भाव बघतो आणि मगच रांगेत येतो. त्यामुळे खरी गर्दी शेवटच्या पाच मिनिटांत, आणि प्रिंटरही नेमका तेव्हाच रुसतो.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे कोरं तिकीट. सर्व्हरवर पैसे लागलेले असतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात पांढरी चिठ्ठी! आमची तिकिटं उष्णतेने छापतात, आणि त्या थर्मल कागदाला एकाच बाजूने लेप असतो. रोल उलटा बसला की काहीच उमटत नाही. मी आधी कागदावर नख ओढतो. काळी रेघ आली की ती लेपाची बाजू, ती प्रिंट हेडकडे (छापणाऱ्या गरम पट्टीकडे) हवी. बाजू बरोबर असूनही तिकिटावर उभी पांढरी रेघ येत असेल, तर बहुतेक वेळा हेडवर धूळ बसलेली असते. मशीन बंद करायचं, हेड निवू द्यायचं आणि कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. बारकोडवर ती रेघ गेली, तर पैसे घेताना स्कॅनर तिकीट वाचेलच असं नाही. जिंकलेल्या माणसाला पुराव्यासाठी अडवणं मला सहन होत नाही. म्हणून जास्तीचा तपासलेला प्रिंटर मी खिडकीमागेच ठेवतो. बिघडलेला तिथे उघडत बसायचं नाही, सरळ बदलायचा. खिडकीवरच्या ताई-दादांना रांगेतल्या शिव्या ऐकाव्या लागू नयेत, एवढं मी नक्की बघतो.

स्वतः लावता का, हेही विचारतात. नाही लावत. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि पॅडॉकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या जुन्या लोकांकडे बघून मला ते पटतं. घोडा किती घामेजलाय, पाय कसा टाकतोय, हे त्यांना दिसतं. मला नाही दिसत. पूलमधून, म्हणजे जमलेल्या एकूण पैशांतून, आधीच कापून गेलेली रक्कम भरून काढायची, तर बाकीच्या गर्दीपेक्षा घोडा जास्त कळावा लागतो.

तुम्ही गेलात, तर तिकीट गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका आणि जपायचं म्हणून लॅमिनेटही करू नका. दोन्हीकडे उष्णतेने कागद काळा पडतो आणि बारकोड जातो. घडी घालायचीच असेल तर बारकोड सोडून घाला.