चँग कै-शेकची रोजनिशी आणि माझी वही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज शेवटी तैवानातल्या त्सहूला जाऊन आलो. शिंचूहून बस बदलत बदलत पोचेपर्यंत दुपार झाली. तिथल्या बागेत चँग कै-शेकचे, म्हणजे आधी चीनचा आणि १९४९ ला कम्युनिस्टांकडून हरल्यावर तैवानचा सत्ताधीश झालेल्या माणसाचे, दोनशेहून जास्त पुतळे आहेत, शाळांतून, चौकांतून, छावण्यांतून काढून आणलेले. कुठे बसलेला, कुठे घोड्यावर. एक तर काढताना तुकडे झालेला, तो तसाच अर्धवट जोडून ठेवलाय. जवळच त्याची शवपेटी आहे, १९७५ पासून तशीच, जमिनीत पुरलेली नाही, कारण चीन परत मिळाला की गावी न्यायचं असं मनात होतं.

मी सोलापूरचा, त्यामुळे चीन म्हणलं की आधी डॉ. कोटणीस. जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला १९३८ ला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय फक्त ३२. त्यांच्या गोष्टीत चँग म्हणजे कुठेतरी मागे उभा असलेला माणूस, बहुतेक वाईटच. इथे आल्यापासून त्याच्याबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती म्हणजे त्याची रोजनिशी. पन्नासेक वर्षं रोज लिहायचा, १९७२ पर्यंत. १९२८ ला जीनानमध्ये जपानी सैन्याने चिनी लोक मारले आणि याला फौज वळवून दुसऱ्या वाटेने पुढे जावं लागलं, तेव्हापासून रोजच्या पानावर वर आधी दोन चिनी अक्षरं, 'अपमान धुऊन काढ'. रोज! मी पण लिहितो म्हणून कळतं, एवढी वर्षं एकच गोष्ट रोज लिहायला आत काय जळत असावं लागतं.

आणि ते नुसतं लिहिलं नाही त्याने. १९३७ मध्ये आपल्या सगळ्यात चांगल्या पलटणी शांघायला लावल्या, त्या जवळजवळ संपल्या, नानजिंग गेलं, राजधानी पार चुंगकिंगला न्यावी लागली, वरून बॉम्ब पडत होते, तरी १९४५ पर्यंत शरण गेला नाही. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने चीनमधले आपले खास कायदेशीर हक्क सोडले, शंभर वर्षांचं जोखड ते. त्याआधी फेब्रुवारी १९४२ मध्ये तो भारतात येऊन कलकत्त्यात गांधीजींना भेटला आणि जाताना इंग्रजांना जाहीरपणे सांगून गेला की भारतीयांना खरी सत्ता द्या. हे वाचून मला खरंच भरून आलं.

पण मग जून १९३८. जपान्यांना अडवायला त्याच्याच हुकमाने हुआयुआनखौला पीत नदीचा बांध फोडला. खालच्या गावांना धड सूचना नाही, लाखो माणसं गेली, नदी जुन्या पात्रात परत आणायला १९४७ उजाडलं, आणि सरकारने सांगितलं काय तर बांध जपानी बॉम्बने फुटला. ती माणसं त्याच्याच देशाची होती ना, त्यांचा अपमान कुणाच्या वहीत?

जमिनीचं पण तसंच. खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर जाऊ नये हा कायदा त्याच्याच सरकारने १९३० ला केला होता, पण अंमल नावालाच, कारण गावोगावचे जमीनदार हेच त्याचे आधार. तोच आकडा तैवानात १९४९ ला खरा लागू केला, १९५३ पासून कसणाऱ्याला जमीन दिली, शेतकरी उभा राहिला. म्हणजे जमत होतं. इथले जमीनदार त्याचे कुणी नव्हते म्हणून जमलं, असं मला वाटतं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आणि इथेच १९४७ चा फेब्रुवारी-मार्च. सरकारविरुद्ध लोक उठले तेव्हा त्याच्या सैन्याने हजारो माणसं मारली, पुढे मार्शल लॉ १९८७ पर्यंत. माझ्या टीममधल्या एका बाईंच्या आजोबांना तेव्हा घरातून नेलं ते परत आलेच नाहीत, घरात चाळीस वर्षं कुणी त्यांचं नाव काढलं नाही. जपानपुढे तो टिकला हे मी मनापासून मानतो, पण ते या बाईंच्या आजोबांच्या खात्यात वळतं करता येत नाही, कितीही डोकं लावलं तरी.

उद्या त्या विचारतील बाग कशी होती. फोटो काढलेत, पण आपणहून नाही दाखवणार. वही घेऊन जातोय, आजोबांचं नाव चिनी अक्षरांत कसं लिहितात ते त्यांच्याकडून शिकायचंय, चालणार असेल तर. खालची अर्धी ओळ रिकामी सोडलीय.